क्रिप्टो वॉलेट वापरण्याआधी: पाच-पाच मिनिटांचे सात धडे

क्रिप्टो वॉलेट म्हणजे बिटकॉइन, इथर यांसारखी आभासी चलने सांभाळण्यासाठी आणि पाठवण्यासाठी वापरले जाणारे ॲप किंवा उपकरण. मोबाइलवर ते उतरवून घ्यायला दोन मिनिटे पुरतात आणि बहुतेक वॉलेट फुकट मिळतात. अडचण पुढे सुरू होते. बँकेच्या ॲपमध्ये चूक झाली तर शाखेत जाता येते, तक्रार करता येते. स्वतःच्या ताब्यातील वॉलेटमध्ये एकदा पाठवलेले पैसे परत आणण्याचा अधिकार कोणाकडेच नसतो.

त्यामुळे वॉलेट वापरणाऱ्याला पहिल्याच दिवसापासून बिनचूक वागावे लागते, आणि नेमका पहिल्याच दिवशी तो नवखा असतो. यावर अलीकडे रूढ होत असलेला उपाय म्हणजे छोटे, करून पाहण्याचे धडे: एका वेळी एकच गोष्ट, पाच मिनिटांत, खरे पैसे न वापरता. ही पद्धत काय आहे, ती का उपयोगी ठरते, तिच्यात काय शिकवले जावे आणि ती कोठे अपुरी पडते, याची माहिती या लेखात दिली आहे. क्रिप्टो विकत घ्यावे की घेऊ नये, हा या लेखाचा विषय नाही.

थोडक्यात

• वॉलेटमध्ये नाणी नसतात, किल्ल्या असतात. ज्याच्याकडे किल्ली, त्याचे नाणे.
• किल्लीचे रूप म्हणजे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द. ते कोणालाही सांगायचे नसतात.
• शिकण्याची योग्य वेळ वॉलेटमध्ये पैसे टाकण्याआधीची आहे.
• नुसते वाचण्यापेक्षा स्वतः करून, प्रश्नाचे उत्तर देऊन शिकलेले जास्त टिकते.
• जो 'धडा' तुमचे खरे १२ शब्द मागतो, तो धडा नसून फसवणूक आहे.

कोल्हापूरसाठी हा विषय नवा का नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने (सीबीआय) 'गेनबिटकॉइन' प्रकरणात देशभरात ६० हून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. त्या शहरांच्या यादीत दिल्ली, पुणे, नांदेड, बंगळूर यांच्यासोबत कोल्हापूरचेही नाव होते. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली होती. बिटकॉइन आमच्याकडे द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या, असे तिचे आश्वासन होते. नवे सभासद आणणाऱ्याला वेगळे कमिशन मिळे. पुढे बिटकॉइनच्या रूपात परतावा देणे थांबले आणि लोकांच्या हाती 'एमकॅप' नावाचे, फारशी किंमत नसलेले टोकन पडले.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोणाचे वॉलेट फोडले गेले नव्हते. लोकांनी स्वतःच्या हाताने बिटकॉइन दुसऱ्याच्या पत्त्यावर पाठवले होते. बिटकॉइनचा भाव काय आहे हे त्यांना ठाऊक होते. पण पाठवल्या क्षणी त्यावरचा आपला ताबा संपतो, ही साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानात आली ती पैसे अडकल्यानंतर.

दुसरे उदाहरण १८ जुलै २०२४ चे. 'वझीरएक्स' या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची आभासी मालमत्ता चोरीला गेली. ज्यांची नाणी त्या एक्स्चेंजवर होती त्यांना ती वर्षाहून अधिक काळ काढता आली नाहीत. त्यांच्या फोनमधल्या ॲपवर शिल्लक दिसत होती, पण किल्ली त्यांच्याकडे नव्हती.

एक्स्चेंजवर नाणी ठेवली तर किल्ली कंपनीकडे राहते आणि कंपनीवर विसंबावे लागते. स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवली तर किल्ली आपल्याकडे येते आणि स्वतःच्या शिस्तीवर विसंबावे लागते. खाली दिलेले धडे या दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आहेत.

यूपीआयची सवय कोठे अडवते

आज भाजीच्या गाड्यापासून गुजरीतल्या सराफापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड दिसतो. त्यामुळे 'पैसे पाठवणे मला येते' असा आत्मविश्वास बहुतेकांकडे असतो, आणि वॉलेट वापरताना तोच अंगलट येतो. फरक असे:

• यूपीआयमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे नाव दिसते. वॉलेटमध्ये फक्त अक्षरे आणि अंकांची लांबलचक माळ दिसते.
• यूपीआयचा पिन विसरला तर नवा करता येतो. १२ शब्द हरवले आणि फोनही गेला, तर नवे शब्द देणारा कोणी नसतो.
• यूपीआयमध्ये चुकीचा व्यवहार झाला तर बँकेकडे तक्रार करता येते. येथे तक्रार घेणारी बँकच नाही.
• यूपीआयवर 'कस्टमर केअर' असते. स्वतःच्या ताब्यातील वॉलेटचे 'कस्टमर केअर' म्हणून फोन आला, तर तो चोरच असतो असे समजावे.

छोटे धडे म्हणजे काय, आणि ते का टिकतात

एक मोठी पुस्तिका किंवा दोन तासांचे व्याख्यान देण्याऐवजी विषयाचे लहान घास करायचे. प्रत्येक घासात एकच कौशल्य असते. शिकणाऱ्याने त्यात काहीतरी करायचे: बटण दाबायचे, पर्याय निवडायचा, चूक शोधायची. त्यावर लगेच उत्तर मिळते, आणि चुकले तर का चुकले हेही कळते. शिकणारा आणि धडा यांच्यात अशी देवाणघेवाण होते, म्हणून या पद्धतीला परस्परसंवादी म्हणतात. भाषा शिकवणाऱ्या 'ड्युओलिंगो'सारख्या ॲपमुळे ती घराघरांत पोहोचली. वॉलेटच्या क्षेत्रात 'मेटामास्क'ने २०२३ मध्ये वॉलेटच्या पडद्याची नक्कल वापरून शिकवणारे फुकट धडे सुरू केले.

या पद्धतीमागे जुने संशोधन आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले की, शिकलेले सुरुवातीला झपाट्याने विसरले जाते आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा सरस ठरते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांचे गट करून एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एकदा वाचून पुन्हा पुन्हा आठवून लिहिला. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवत होता, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

फसव्या लिंक ओळखण्याबाबतही असे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात २००७ मध्ये 'अँटी-फिशिंग फिल' नावाचा पंधरा मिनिटांचा खेळ तयार झाला. त्यात फिल नावाचा छोटा मासा असतो. समोर येणाऱ्या गळाला किंवा अळीला वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असतो. खरा असेल तर खायचा, खोटा असेल तर सोडायचा. हा खेळ घडवणाऱ्यांत पोन्नुरंगम कुमारगुरू हे भारतीय संशोधकही होते. त्यांच्याच गटाने २००९ मध्ये ५१५ जणांवर आणखी एक प्रयोग केला. फसव्या ईमेलवर क्लिक केल्याच्या क्षणीच ज्यांना छोटा धडा दाखवला गेला, त्यांच्या तो २८ दिवसांनंतरही लक्षात होता.

सात धडे

पुढील प्रत्येक धडा पाच ते दहा मिनिटांचा आहे. सरावासाठी नवे, रिकामे वॉलेट घ्यावे. सातही धडे पूर्ण होईपर्यंत त्यात खरा पैसा टाकू नये.

धडा १: वॉलेटमध्ये नक्की काय असते?

सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. जमीन तुमच्या कपाटात नसते. ती कोणाच्या नावावर आहे याची नोंद दप्तरात असते. ब्लॉकचेन हे तसेच दप्तर आहे, फक्त ते जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेले असते आणि कोणालाही पाहता येते. नोंद बदलायची तर मालकाची सही लागते. वॉलेट म्हणजे ही सही करण्याचे साधन. फरक इतकाच की, सातबाऱ्यातील चूक अर्ज करून दुरुस्त होते. या दप्तराला तलाठी नाही आणि तहसीलदारही नाही.

प्रश्न: फोन पंचगंगेत पडला. नाणी गेली का?
उत्तर: नाही. १२ शब्द सुरक्षित असतील तर दुसऱ्या फोनवर तेच वॉलेट उघडते. शब्दही गेले असतील तर मात्र नाणी दप्तरात दिसत राहतात, पण हलवता येत नाहीत.

धडा २: बारा शब्द

नवे वॉलेट तयार करताना ते १२ किंवा २४ शब्द दाखवते. २०१३ मध्ये ठरलेल्या एका मानकानुसार हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून निवडले जातात. त्या यादीच्या इंग्रजी, जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच अशा आवृत्त्या आहेत, पण मानकात एकही भारतीय भाषा नाही. त्यामुळे मराठी माणसाला हे शब्द इंग्रजीतच मिळतात.

येथे मराठी वाचकासाठी एक खास सूचना: हे शब्द देवनागरीत उतरवू नका. 'उजवा' या अर्थाचा राइट आणि 'लिहिणे' या अर्थाचा राइट हे दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि वर्षभरानंतर कोणता होता ते आठवत नाही. स्पेलिंग जसेच्या तसे, मोठ्या रोमन अक्षरांत आणि क्रमांक घालून लिहावे. यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून निदान ती चार तरी सुवाच्य हवीत. क्रम बदलला तरी वॉलेट उघडत नाही, किंवा क्वचित दुसरेच रिकामे वॉलेट उघडते.

शब्दांचा स्क्रीनशॉट काढू नये, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नयेत, ईमेलमध्ये ठेवू नयेत. कागदाच्या दोन प्रती करून दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. कोल्हापूर, शिरोळ, सांगली भागात २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको: तळमजल्यावरच्या कपाटातला एकुलता एक कागद ही सुरक्षित प्रत नव्हे. रक्कम मोठी असेल तर शब्द स्टीलच्या पट्टीवर कोरून ठेवतात.

करून पाहा: शब्द कागदावर लिहा. वॉलेट फोनमधून काढून टाका. पुन्हा उतरवून घ्या आणि कागदावरून शब्द भरा. पूर्वीचाच पत्ता दिसला तर तुमची नोंद बरोबर आहे. सातपैकी एकच धडा करायचा असेल तर हा करा, कारण शब्द चुकीचे उतरवल्याचे एरवी कळते ते फोन हरवल्यावर.

धडा ३: पत्ता तपासणे

इथेरियमवरील पत्ता ४२ चिन्हांचा असतो. तो हाताने टाइप करायचा नसतो. कॉपी करायचा किंवा क्यूआर कोड वाचायचा. बरेच जण पत्त्याची पहिली आणि शेवटची चार चिन्हे पाहून पुढे जातात. ठगांना हे माहीत आहे. ते तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून किरकोळ रकमेचा व्यवहार करतात. तो पत्ता तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत येऊन बसतो. पुढच्या वेळी तुम्ही यादीतून चुकीचा पत्ता उचलता. मे २०२४ मध्ये परदेशातील एका अनुभवी धारकाने असाच पत्ता उचलला आणि एका व्यवहारात सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर पाठवले. चोराशी बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत आली, पण असा शेवट सहसा होत नाही.

करून पाहा: मित्राला दोन पत्ते पाठवायला सांगा. दोहोंची पहिली आणि शेवटची चार चिन्हे सारखी असावीत, मधली दोन-तीन वेगळी. फरक शोधा. मग नियम करा: पत्ता मूळ ठिकाणाहून घ्यायचा, मधली चिन्हेही ताडून पाहायची, आधी छोटी रक्कम पाठवायची आणि ती पोहोचल्याची खात्री झाल्यावरच उरलेली.

धडा ४: जाळे आणि शुल्क

एकच नाणे अनेक जाळ्यांवर चालते. डॉलरशी जोडलेले यूएसडीटी हे नाणे इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे आणि इतरत्रही आहे. पाठवणाऱ्याने एक जाळे निवडले आणि घेणारी व्यवस्था ते जाळे स्वीकारत नसेल, तर रक्कम अडकू शकते. दुसरी गोष्ट शुल्काची. इथेरियमवर कोणतेही नाणे पाठवायचे तर शुल्क इथरमध्ये द्यावे लागते. वॉलेटमध्ये हजार डॉलरचे यूएसडीटी आहे पण इथर अजिबात नाही, तर पैसे दिसतात आणि हलवता येत नाहीत. नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो.

करून पाहा: इथेरियमचे 'सेपोलिया' नावाचे सराव-जाळे आहे. त्यावरील नाण्यांना किंमत नसते आणि ती 'फॉसेट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. ती घेऊन दोन वॉलेटमध्ये देवाणघेवाण करा. व्यवहार सार्वजनिक दप्तरात शोधा आणि शुल्क किती गेले ते पाहा. सायकल शिकताना पडायचे असते. ते येथे पडून घ्यावे.

धडा ५: सही करण्याआधी थांबा

वॉलेट एखाद्या संकेतस्थळाला जोडले की पडद्यावर सहीची विनंती येते. ती तीन प्रकारची असू शकते: ओळख पटवण्यापुरती, प्रत्यक्ष नाणी पाठवण्याची, किंवा 'माझी नाणी तुम्ही काढू शकता' अशी परवानगी देण्याची. तिसरी सर्वांत घातक. तिची मर्यादा अनेकदा 'अमर्याद' अशी आधीच भरलेली असते. ती कोऱ्या चेकवर सही करण्यासारखी आहे. चेक आज वटला नाही तर उद्या वटेल.

यूपीआयच्या काळात आपण एक नियम शिकलो: पैसे घ्यायला पिन लागत नाही. तोच येथे लागू आहे. कोणी तुमच्या पत्त्यावर नाणी पाठवली तर ती घ्यायला सही लागत नाही. 'बक्षीस मिळवण्यासाठी सही करा' असे दिसले तर बंद करा.

सही वाचण्यात जाणकारही फसतात. वझीरएक्सने चोरीनंतर दिलेल्या निवेदनानुसार, सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झालेला व्यवहार वेगळा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बायबिट' या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली, तीही सही करणाऱ्यांना बनावट पडदा दाखवूनच.

प्रश्न: सहीच्या विनंतीत काय लिहिले आहे ते समजत नाही. काय कराल?
उत्तर: नकार द्या. नकाराने काही बिघडत नाही. विनंती पुन्हा करता येते, सही मागे घेता येत नाही.

धडा ६: माणूस ओळखणे

बहुतांश फसवणुकीत तंत्रज्ञान कमी आणि गोड बोलणे जास्त असते. भिशीत पैसे घालताना आपण चालकाला ओळखत असतो, त्याचे घर माहीत असते. टेलिग्राम गटातील 'ॲडमिन'चे आपल्याला फक्त टोपणनाव माहीत असते.

पुढील पाच वाक्यांपैकी धोक्याची कोणती?

१. "दरमहा ठरावीक टक्के परतावा, लेखी देतो."
२. "वॉलेट व्हेरिफाय करण्यासाठी १२ शब्द या फॉर्ममध्ये भरा."
३. "तुमचा नफा तयार आहे, काढण्याआधी कर म्हणून थोडी रक्कम भरा."
४. "मीही आधी घाबरलो होतो, आता बघा माझा स्क्रीनशॉट."
५. "आज रात्री बारापर्यंतच ऑफर आहे."

उत्तर: पाचही. चौथे वाक्य ओळखीच्या माणसाकडून आले तरी धोक्याचेच. गेनबिटकॉइनसारख्या साखळी योजना नातेवाईक आणि मित्रांच्या विश्वासावरच पसरतात, आणि सांगणारा स्वतःही फसलेला असू शकतो.

धडा ७: नोंद, कर आणि वारस

भारतात क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही, पण ते बाळगण्यावर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारे परिपत्रक काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा डिजिटल रुपया ही वेगळी गोष्ट आहे. डिसेंबर २०२२ पासून त्याचा सर्वसामान्यांसाठी पथदर्शी प्रयोग सुरू झाला, आणि त्याचे वॉलेट बँका देतात.

२०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर उपकर लागतो. ठरावीक मर्यादेपुढील विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च २०२३ पासून भारतात सेवा देणाऱ्या एक्स्चेंजना वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे (एफआययू) नोंदणी करणे बंधनकारक आहे.

करून पाहा: एका वहीत तारीख, नाणे, संख्या, त्या दिवशीची रुपयांतील किंमत आणि शुल्क असे पाच रकाने आखा. सराव-जाळ्यावरचा व्यवहार त्यात लिहून पाहा. नंतर दुसऱ्या पानावर, शब्द न लिहिता, घरातील एका विश्वासू व्यक्तीला वॉलेट आहे हे आणि कागद कोठे आहे हे कसे कळेल, ते ठरवा. बँक खात्याला नॉमिनी लावता येतो. वॉलेटला तशी सोय नाही. धारक गेला आणि घरी काही माहीत नसेल, तर नाणीही गेली.

वेळापत्रक कसे असावे

दिवसाला एकच धडा करावा. दुसऱ्या दिवशी नवा धडा उघडण्याआधी आदल्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर न पाहता द्यावे. सात धड्यांनंतर आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करावी. दुसऱ्या धड्यातला सराव, म्हणजे रिकामे वॉलेट काढून कागदावरून परत उघडणे, तेव्हा पुन्हा करावा.

बचत गट, महाविद्यालय किंवा सोसायटीत हे शिकवायचे असेल तर एक पथ्य पाळावे: फोन शिकणाऱ्याच्याच हातात असावा. शिकवणाऱ्याने 'द्या इकडे, करून देतो' म्हटले की धडा संपला. दुसऱ्याच्या हाती फोन देण्याची सवय लावणे हे या विषयात उलटे शिक्षण आहे. शब्द कागदावर उतरवताना तर शिकवणाऱ्याने पाठ करून उभे राहावे.

चांगला अभ्यासक्रम कसा ओळखावा

बाजारात 'शिका आणि कमवा' या प्रकारचे धडेही आहेत. 'कॉइनबेस'ने २०१८ च्या सुमारास छोटे व्हिडिओ पाहून प्रश्न सोडवणाऱ्यांना थोडी नाणी देण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्याने सुरुवात सोपी होते. पण अशा धड्यांत बहुधा एखाद्या नाण्याची महती असते, सुरक्षिततेचा सराव नसतो. शिवाय उत्तरे इंटरनेटवर तयार मिळतात, आणि बक्षिसासाठी ती भराभर दाबली जातात. त्यातून 'क्लिक केले की फुकट नाणी मिळतात' ही नेमकी नको ती सवय लागते.

अभ्यासक्रम निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. तो खरे शब्द किंवा खरा पैसा मागत नाही ना? तो चूक करू देतो आणि चूक समजावून सांगतो का? तो सुरक्षिततेपासून सुरू होतो की खरेदीपासून? आणि जो शिकवतो त्याला तुम्ही काही विकत घेतल्यावर कमिशन मिळते का?

पद्धतीच्या मर्यादा

छोट्या धड्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या विद्यापीठ रुग्णालयात सुमारे १९,५०० कर्मचाऱ्यांवर आठ महिने केलेला एक अभ्यास २०२५ मध्ये चर्चेत आला. बनावट ईमेलला बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा सरासरी फक्त १.७ टक्क्यांनी कमी होते. बहुतेकांनी धड्याचे पान मिनिटभरही पाहिले नव्हते. ज्यांनी परस्परसंवादी धडा शेवटपर्यंत केला, ते बळी पडण्याची शक्यता मात्र १९ टक्क्यांनी कमी दिसली. अर्थात, धडा पुरा करणारे लोक मुळातच सावध असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

शिवाय भावाची चढउतार, एक्स्चेंज बुडणे, कायदा बदलणे या गोष्टींवर कोणताही धडा उपाय नाही. आणि लोभाला तर नाहीच. सातही धडे पाठ असलेला माणूस महिना दहा टक्क्यांच्या आश्वासनाला भुलू शकतो.

चूक झालीच तर

• वॉलेटमध्ये काही शिल्लक असेल तर नवे वॉलेट, नव्या शब्दांसह, तयार करून ती लगेच तिकडे हलवा. शब्द फुटलेले वॉलेट पुन्हा वापरू नका.
• शब्द सुरक्षित आहेत पण चुकीची परवानगी दिली असेल, तर ती रद्द करा.
• १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेतून पैसे गेले असतील तर जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.
• व्यवहाराचा क्रमांक, दोन्ही पत्ते, संभाषण आणि तारखा जपून ठेवा. ब्लॉकचेनवरची नोंद पुसली जात नाही, आणि तपासात तिचा उपयोग होतो.
• 'गेलेली नाणी परत मिळवून देतो' असे सांगत येणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. फसलेल्यांना पुन्हा फसवण्याचा हा ठरलेला धंदा आहे.

पैसे टाकण्याआधीचे पाच प्रश्न

१. माझे १२ शब्द कागदावरून भरून वॉलेट परत उघडून पाहिले आहे का?
२. त्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात आहे का?
३. सराव-जाळ्यावर किमान दोन व्यवहार स्वतःच्या हाताने केले आहेत का?
४. सहीची विनंती समजली नाही तर मी नकार देतो का?
५. ही सगळी रक्कम उद्या गेली, तर घरखर्चाला धक्का लागेल का?

पहिल्या चारांचे उत्तर 'हो' आणि पाचव्याचे 'नाही' असेल, तर तुम्ही वॉलेट वापरायला तयार आहात. एकाही उत्तराबद्दल शंका असेल तर त्या धड्याकडे परत जा. सराव-जाळ्यावर कितीही वेळा चुकले तरी काही जात नाही.